स्टोअर नंबर की ड्रॉइंग नंबर? जुन्या लष्करी विमानांचे सुटे भाग ओळखताना

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचा असावा असा एखादा भाग फोटोत दिसला, की नजर आधी त्यावरच्या आकड्यांकडे जाते. जायलाच हवी. पण ब्रिटिश भागांवर दोन वेगळ्या प्रकारचे क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत झाली की ओळख भलतीकडेच जाते.

पहिला स्टोअर नंबर. त्याच्याजवळ बहुधा मुकुट आणि 'एएम' ही अक्षरे असतात, म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटनचे हवाई खाते. सुरुवात '६ए' असेल तर ते उपकरण, '५सी' असेल तर विजेचे सामान, १० ने सुरू होत असेल तर वायरलेसचे. वस्तू कोठाराच्या कोणत्या विभागातली, एवढेच हा क्रमांक सांगतो. विमान सांगत नाही. स्पिटफायर, हरिकेन आणि लँकेस्टर या तिन्ही ब्रिटिश विमानांत सहा उपकरणांचे तेच प्रमाणित पॅनेल असे. त्यामुळे '६ए' पाहून 'स्पिटफायरचा अल्टिमीटर' (उंचीमापक) म्हणणे घाईचे आहे.

दुसरा ड्रॉइंग नंबर. हा विमान बनवणाऱ्या कंपनीचा, म्हणून खरा धागा इथे सापडतो. स्पिटफायरच्या भागांवर सुरुवातीला ते बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीचा टाइप क्रमांक येतो. त्यावरून विमानाचा मार्क, म्हणजे आवृत्ती, कळतो: ३०० म्हणजे मार्क वन, ३४९ म्हणजे मार्क फाइव्ह, ३६१ म्हणजे मार्क नाइन. मात्र हा आकडा भाग पहिल्यांदा कोणत्या प्रकारासाठी आखला गेला ते सांगतो, तो कोणत्या विमानातून निघाला ते नाही. आरेखन बदलण्याची गरज पडली नाही, तर तोच भाग पुढच्या मार्कमध्येही जसाच्या तसा बसवला जाई. म्हणून ३०० चा भाग मार्क नाइनमधलाही असू शकतो. उलट ३६१ दिसला, तर तो भाग मार्क नाइनच्या आरेखनाआधीचा नाही, एवढे पक्के. अमेरिकन मस्टँग विमानाचेही असेच: पहिल्या आवृत्तीचा ७३ हा आकडा पुढे पी-५१डी या नंतरच्या आवृत्तीच्या भागांवरही भेटतो. माझ्या मते सर्वाधिक चुकीच्या ओळखी इथेच होतात.

ओतीव भागांवर आणखी एक पेच असतो. उठावदार आकडे साच्यातून आलेले असतात आणि ते ओतकामाचे असतात. तयार भागाचा क्रमांक बहुधा नंतर ठोकलेला असतो. फोटोत दोन्ही यायला हवेत. त्यासाठी उजेड बाजूने, तिरपा पाडावा, म्हणजे पुसट ठसेही उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि मागची बाजूही टिपावी. आकडे नीट दिसावेत म्हणून रंग मात्र खरवडू नये, कारण तपासनिसाचे छोटे शाईचे शिक्के त्याच रंगावर असतात.

त्या काळच्या अनेक उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा, किरणोत्सारी रेडियम असलेला रंग असे. तबकडी आता चमकत नाही म्हणून ती निर्धोक समजू नये. चमक देणारे रसायन झिजते, रेडियम मात्र तसेच राहते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. अशा उपकरणाची काच उघडू नये, फोटो बाहेरूनच काढावा.

फक्त स्टोअर नंबर हाती असेल, तर 'ब्रिटिश हवाई दलाचा अल्टिमीटर' इतकेच लिहावे. विमानाचे नाव जोडण्यासाठी ड्रॉइंग नंबर किंवा तो भाग कुठून आला याची खात्रीची नोंद हवी.