ग्लेन कॅन्यन धरणाखालील मत्स्यजीवन

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवरील २१६ मी. उंचीच्या ग्लेन कॅन्यन धरणात मार्च १९६३ मध्ये पाणी अडविण्यास सुरुवात झाली. त्यानंतर खालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये नदीचे तापमान, गढूळपणा व पुरांचा क्रम पालटला. येथील माशांच्या आठ देशी जातींपैकी कोलोरॅडो पाइकमिनो, बोनीटेल व राउंडटेल चब या भागातून नाहीशा झाल्या. रेझरबॅक सकर क्वचितच सापडतो.

धरणापूर्वी नदीचे पाणी हिवाळ्यात गोठणबिंदूजवळ, तर उन्हाळ्यात जवळजवळ ३०° से. असे. जनित्रांकडे जाणाऱ्या नळांची तोंडे मात्र भरलेल्या जलाशयाच्या पृष्ठभागाखाली सुमारे ७० मी. खोल आहेत. तेथील पाणी बाराही महिने साधारण ८ ते १२° से. राहते आणि पुढे उन्हाळ्यातही ते दर ५० किमी.ला जेमतेम एका अंशाने तापते. हम्पबॅक चब या कुबडवाल्या देशी माशाला अंडी घालण्यासाठी १६ ते २२° से. तापमान लागते. त्यामुळे त्याची वीण प्रामुख्याने लिटल कोलोरॅडो या उबदार उपनदीपुरती उरली. तेथून वाहत मुख्य प्रवाहात आलेली पिल्ले थंडीने सुस्तावतात व भक्षकांच्या तोंडी पडतात.

१९४६ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वर्णिलेल्या हम्पबॅक चबच्या डोक्यामागील कुबडाविषयी मतभेद आहेत. वेगवान प्रवाहात शरीर तळाशी स्थिर ठेवण्यासाठी ते उपयोगी पडते, असे जुने मत. दुसऱ्या मतानुसार ते पाइकमिनोपासूनचे संरक्षण असावे. पाइकमिनोच्या जबड्यांत दात नसतात, तो भक्ष्य अख्खे गिळतो. त्यामुळे अंगाची उंची वाढलेला मासा त्याच्या तोंडात मावत नाही. हे मत अधिक पटण्याजोगे आहे. परंतु कुबड वाढीबरोबर येते, लहान पिल्लांना ते नसते, आणि बाहेरून आणलेला ट्राउट हा मासा खातो ती मुख्यतः पिल्लेच.

इंद्रधनुषी ट्राउट धरणाखालील लीज फेरी या ठिकाणाजवळ १९६४ मध्ये सोडण्यात आला. तो नजरेने शिकार करतो. गाळ जलाशयातच बसून निवळलेले पाणी त्याला मानवले. २००३ ते २००६ या काळात लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ विजेच्या सौम्य धक्क्याने ट्राउट पकडून काढण्यात आले. त्यानंतर चब वाढला. मात्र याच वर्षांत अवर्षणामुळे जलाशय खालावून पाणी उबदार झाले होते आणि जेथून मासे काढले नव्हते तेथेही ट्राउट घटला होता. त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे, यावर एकमत नाही. तापमानाचा वाटा मोठा असावा.

१९९६ मध्ये सात दिवस सुमारे १,२७४ घ.मी. प्रतिसेकंद पाणी सोडून कृत्रिम पूर आणला गेला. त्यातून वाळूचे किनारे काही काळ उभारले गेले. देशी माशांना झालेला लाभ तितका स्पष्ट नाही. २०२१ मध्ये हम्पबॅक चबचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलण्यात आला.

उबेची दुसरी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. जलाशयात १९८२ पासून असलेला स्मॉलमाउथ बास हा भक्षक पृष्ठभागाजवळच्या उबदार थरात वावरतो. २०२३ च्या आरंभी नळांच्या तोंडांवर जेमतेम १५ मी. पाणी उरले. पातळी अशी घसरत असतानाच बास जनित्रांतून खाली आले. साधारण १६° से.पासून त्यांची वीण सुरू होते. २०२२ मध्ये धरणाखालील एका संथ डबक्यात त्यांची पिल्ले सापडल्यावर तेथे रोटेनोन हे मत्स्यविष वापरावे लागले. चबला मुख्य प्रवाहातून हटविणारे थंड पाणी बासलाही अडवीत होते, हे तेव्हा ठळक झाले.

जुलै २०२४ पासून काही महिने जनित्रांच्या नळांहून आणखी सुमारे ३० मी. खोल असलेल्या बगल-नळांतून थंड पाणी मिसळून संगमापाशी तापमान १५.५° से.च्या आत ठेवण्याचा प्रयत्न झाला. हे पाणी जनित्रांतून जात नसल्याने तेवढी वीज बुडते. शिवाय २०२३ च्या कृत्रिम पुरात या नळांच्या अस्तराला बुडबुडे फुटून होणाऱ्या झिजेने खड्डे पडले होते. त्यांचा दीर्घकाळ वापर करण्यावर त्यामुळे मर्यादा आली.