'भाग'चा 'माग' कसा होतो

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने सभासदांना पोस्टाने पत्रक पाठवले. त्यात एक ओळ अशी उमटली होती : 'निबंध स्पर्धेत माग घ्या'. प्रूफ मी स्वतः वाचले होते. फाइलमध्ये 'भाग' होता, प्लेटवरही 'भाग'च होता. शब्द बदलला तो कागदाला शाई लागल्यावर.

'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा? डावीकडे शिरोरेघेत पडलेली फट आणि तिथले छोटे वळण. 'ध'-'घ' आणि 'थ'-'य' या जोड्यांचेही तेच. छापील अक्षराचा आकार पॉइंटात मोजतात. नऊ पॉइंट म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर, आणि वेलांटीपासून उकारापर्यंत सगळा संसार तेवढ्यात मांडायचा असतो. मग त्या फटीच्या वाट्याला मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश येतो.

पत्रक मॅप्लिथोवर छापले होते. हा लेप नसलेला साधा कागद. भिंगाखाली पाहिले तर त्यात सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे दिसते. एकेक तंतू ढोबळमानाने मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो आणि तंतूंमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. ऑफसेट यंत्रातले रबर शाई कागदावर दाबते तेव्हा ती थोडी बाजूला सरकते. मग केशाकर्षणाने पोकळ्यांमध्ये ओढली जाते, वाती तेल ओढतात तशी. प्रत्येक रेघ दोन्ही कडांनी किंचित फुगते. शिवाय प्रकाशही यात हातभार लावतो. शाईशेजारच्या कोऱ्या जागेतून आत शिरलेला प्रकाश तंतूंमध्ये विखुरतो, त्यातला काही शाईच्या खाली जाऊन अडकतो. त्यामुळे रेघेच्या कडेला एक धूसर सावली दिसते, जिथे शाई पोचलेलीही नसते. छापखान्यात या साऱ्याला 'डॉट गेन' म्हणतात. आमच्या पत्रकात ती ओळ ठळक टाइपात होती. फट आधीच अरुंद होती, ती पूर्ण बुजली.

यावरचा एक सुंदर उपाय अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीत सापडतो. १९७८ मध्ये मॅथ्यू कार्टर यांनी एटी अँड टी कंपनीसाठी 'बेल सेंटेनियल' हा टाइप तयार केला. स्वस्त कागद, वेगवान यंत्र आणि सहा पॉइंटचे बारीक अक्षर. त्यांनी जिथे दोन रेघा मिळतात तिथे मुद्दाम खाचा ठेवल्या. मोठे करून पाहिले तर अक्षर कुरतडल्यासारखे दिसते, पण छापताना शाई त्या खाचांत भरते आणि अक्षर नेमके होते. अक्षराचा अर्धा आराखडा कागदाने पुरा करायचा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरावा लागे, त्यामुळे लहान अक्षरातल्या पोकळ्या थोड्या मोकळ्या ठेवण्याची संधी कारागिराला मिळे. आज बहुतेक फाँटमध्ये एकच चित्र सहा पॉइंटलाही आणि साठ पॉइंटलाही ताणले जाते. मथळ्यासाठी काढलेला ठसठशीत देवनागरी फाँट मजकुराला लावला की 'ष'च्या आणि 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ पोटच भरून टाकते, 'ष्ट्र'सारखे जोडाक्षर तर नुसता डाग होते. गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरे असतील तर उलटे घडते. शाई बाहेरून आत येते, बारीक रेघा तुटतात आणि अनुस्वार नाहीसे होतात.

मग सरळ आर्ट पेपर घ्यावा का? त्यावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो. लेपातली छिद्रे तंतूंमधल्या पोकळ्यांपेक्षा पुष्कळ बारीक असल्याने शाई वरच थांबते आणि रेघ रेखीव राहते. फोटोसाठी हा उत्तम. पण चकचकीत पृष्ठभाग ट्यूबलाइट आरशासारखी परतवतो आणि वयस्कर वाचक पत्रक तिरके करत बसतो. मजकूर जास्त असेल तर मी मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या लेपाचा कागद घेईन.

भज्यांच्या कागदावर तेलाचा डाग पडला की पलीकडचे दिसू लागते. सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो याचे माप, सुमारे १.५३ आणि हवेचा १. या फरकामुळेच प्रकाश विखुरतो आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. तेलाचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास. ते पोकळ्यांत भरले की फरक जवळजवळ मिटतो आणि प्रकाश आरपार जातो. छपाईच्या शाईतही तेल असते. म्हणून पातळ कागदावर पाठपोट छपाई केली की मागची ओळ पुढच्या मात्रांमध्ये घुसते. देवनागरीत वर-खाली इतक्या खुणा असताना हे फारच त्रासदायक होते.

मग जाड कागद निवडताना लोक जीएसएम म्हणजे जाडी समजतात. ते एका चौरस मीटरचे वजन आहे. ए-फोर कागद चौरस मीटरचा बरोबर सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचा ताव ५ ग्रॅमचा, १३० चा साधारण ८ ग्रॅमचा. पण आर्ट पेपर दाबून घट्ट केलेला असल्याने १३० चा आर्ट पेपर हाताला ८० च्या मॅप्लिथोइतकाच जाड लागू शकतो. पोस्टाचा खर्च मात्र वजनावर ठरतो.

घडीचेही एक पाहावे. कागद यंत्रावर बनताना तंतू बहुतांशी एका दिशेला लोळतात. त्या दिशेने घडी घातली तर ती नीट बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात, आणि लेप असेल तर घडीवर पांढरी चीर दिसते. दिशा ओळखायला कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करावा. तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, त्यामुळे तुकडा गुंडाळला जातो आणि त्या नळीची लांबी तंतूंच्या दिशेने असते.

यंदा पत्रकाच्या आधी डीटीपीवाल्या दादांनी 'भाग, धडा, थोर, षटकोन, बक्षीस' हे शब्द चार फाँटमध्ये अकरा पॉइंटात लावले आणि आम्ही घेणार होतो त्याच नव्वद जीएसएमच्या मॅप्लिथोवर छापून दिले. कागद वाचनालयाच्या खिडकीशी नेऊन आम्ही हातभर अंतरावरून वाचला. तीन फाँटमध्ये 'धडा' चाचपडत वाचावा लागला. चौथ्यात 'ध'ची फट उघडी होती. तोच छापायला गेला.