बँक ग्राहक शिक्षण (भारत)

बँकेत खाते असलेल्या व्यक्तीला सुरक्षित व्यवहाराची रीत आणि बँकेकडे हक्काने मागता येणाऱ्या गोष्टी समजावून देण्याच्या कार्याला बँक ग्राहक शिक्षण म्हणतात. भारतात हे काम मुख्यतः रिझर्व्ह बँक, वित्तीय साक्षरता केंद्रे आणि बँकांच्या शाखा करतात. दरवर्षीचा वित्तीय साक्षरता सप्ताह आणि ‘आरबीआय कहता है’ ही जाहिरात मोहीम हे त्याचे सर्वपरिचित प्रकार होत.

या प्रचाराचा भर खबरदारीवर राहिला आहे. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. तरीही फसवणूक होते, कारण फसवणारा दरवेळी ओटीपीच मागतो असे नाही. जुना पलंग विकायला काढलेल्या माणसाला ‘गिऱ्हाईक’ क्यूआर कोड पाठवते आणि पैसे जमा होण्यासाठी पिन टाकायला सांगते. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, एवढे एक सूत्र ठाऊक असले तर हा डाव तिथेच फसतो.

हक्कांची बाजू तुलनेने दुबळी आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहक हक्कांची सनद जाहीर केली. न्याय्य वागणूक, पारदर्शक व्यवहार, ग्राहकाला साजेशी सेवा, गोपनीयता आणि तक्रार निवारण व भरपाई असे पाच हक्क तिच्यात आहेत. मात्र ग्राहकाच्या खिशाशी थेट संबंध आला तो ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर तिसऱ्याच कोणाचा असेल, तर व्यवहाराचा बँकेकडून संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवणाऱ्या ग्राहकावर तोट्याचा काहीही भार पडू नये, असे त्यात ठरवले गेले. चार ते सात दिवसांत कळवल्यास सामान्य बचत खात्यासाठी हा भार कमाल १०,००० रुपये ठेवला गेला आणि त्यापुढचा निर्णय बँकेच्या धोरणावर सोडला गेला. पिन स्वतःच दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे; कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे. सगळी भिस्त दिवसांच्या मोजणीवर असल्याने काउंटरवर तोंडी सांगून परतण्यापेक्षा तारीख-वेळेसह तक्रार क्रमांक घेणे किती मोलाचे, हे शिबिरांतून क्वचितच ठसवले जाते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम पुढे वळती होण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

बँकेने तक्रार फेटाळली, तिचे उत्तर असमाधानकारक वाटले किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. बँकिंग लोकपाल योजना १९९५ मध्ये सुरू झाली. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन वेगवेगळ्या योजना मिळून एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली.

ठेवीच्या सुरक्षिततेबाबत महाराष्ट्रात एक गैरसमज विशेष आढळतो: पतसंस्थेतील ठेवही बँकेतल्या ठेवीसारखीच विम्याने सुरक्षित असते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला खात्यामागे अवघे १,००० रुपये काढता येत होते. त्यानंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, बँक बुडाल्यास ठेवीदाराला भरपाई देणारा ठेव विमा एक लाखावरून पाच लाख रुपयांवर गेला. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी त्यासाठी एकत्र धरल्या जातात. मात्र हे संरक्षण विमा उतरवलेल्या बँकांपुरतेच आहे. गावोगावच्या पतसंस्थांनाही लोक बोलताना सर्रास ‘बँक’च म्हणतात, पण तेथील ठेवींना हा विमा लागू नाही आणि पतसंस्थेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ऐकत नाही, त्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते.