घरगुती आर्केड कॅबिनेट (पुणे परिसर)

जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभं राहून खेळायचं मशीन असायचं, तसलंच मशीन प्लाय किंवा एमडीएफचं (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) खोकं, त्यात स्क्रीन, जॉयस्टिक, बटणं आणि आत एक छोटा कॉम्प्युटर असं जमवून घरी बनवणं म्हणजे घरगुती आर्केड कॅबिनेट. पुण्यात हा छंद साधारण दोन प्रकारच्या लोकांत दिसतो, एक म्हणजे शाळेत असताना पार्लरमध्ये खाऊचे पैसे घालवलेले आणि आता चाळिशी पार केलेले, आणि दुसरे इंजिनिअरिंगची पोरं ज्यांनी मूळ मशीन कधी पाहिलंही नाही. प्रकार बरेच आहेत, उभं कॅबिनेट, टेबलावर ठेवायचं बारटॉप, समोरासमोर बसून खेळायचं कॉकटेल टेबल, आणि जपानी पद्धतीचं खुर्चीवर बसून खेळायचं बुटकं कॅबिनेट ज्याला कँडी कॅब म्हणतात. फ्लॅटमधल्या जागेमुळे इथे बारटॉपच जास्त बनतात.

उगमाचा वाद

पहिलं आर्केड व्हिडिओ गेम मशीन कुठलं यावर दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे 'गॅलेक्सी गेम' पहिलं, बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ट्रेसिडर युनियनमध्ये बसवलेलं, आत पीडीपी-११/२० कॉम्प्युटर आणि १० सेंटला एक डाव. दुसऱ्या मताप्रमाणे तो मान 'कॉम्प्युटर स्पेस'चा, नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी नटिंग असोसिएट्स कंपनीसाठी केलेलं, फायबरग्लासच्या गोलसर अंगाचं. हे बाजारात आलं १९७१ च्या शेवटी, पण बहुतेक अभ्यासक मानतात की मेन्लो पार्कमधल्या एका बारमध्ये त्याचा नमुना ऑगस्टच्या सुमारासच चाचणीला ठेवलेला होता, म्हणजे तारीख लोकांसमोर येण्याची धरायची की विक्रीची यावर सगळं अवलंबून आहे. दोन्ही मशीनचा मूळ खेळ एकच, एमआयटीत १९६२ साली पूर्ण झालेला 'स्पेसवॉर'. विकण्यासाठी संख्येने बनवलेलं पहिलं मशीन विचारलं तर कॉम्प्युटर स्पेस याबद्दल फारसं दुमत नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने गॅलेक्सी गेम जास्त जवळचं वाटतं, कारण ते कारखान्यातून न येता दोन मित्रांनी स्वतः जुळवलेलं होतं आणि त्याचे एकूण दोनच नमुने झाले.

त्याहून महत्त्वाचं उदाहरण १९७२ च्या 'पाँग'चं आहे. अटारीच्या ॲलन अल्कॉर्नने पहिल्या नमुन्यासाठी दुकानातून घरगुती ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला, साधारण चार फुटी लाकडी खोक्यात बसवला, सर्किट हाताने वायर जोडून केलं आणि ते सनीव्हेलमधल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवलं. काही दिवसांनी मशीन बंद पडल्याची तक्रार आली, जाऊन बघतात तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता म्हणून बंद पडलेलं. घरी बनवलेल्या कॅबिनेटला जे लोक नकली म्हणतात त्यांनी हा इतिहास जरूर बघावा, या धंद्याची सुरुवातच सुतारकाम अधिक टीव्ही अशी झालेली आहे, आणि त्या ओबडधोबड खोक्यासमोर लोक थांबत होते ते हातातल्या नॉबला पडद्यावरची बॅट लगेच हलत होती म्हणून.

पुढचा टप्पा १९८५ च्या सुमाराचा, जपानमधल्या मशीन उत्पादकांच्या संघटनेने 'जामा' हे जोडणीचं प्रमाण ठरवलं. ५६ संपर्कांचा एकच कनेक्टर, त्यातून वीज, चित्र, आवाज आणि कंट्रोल सगळं जातं, त्यामुळे खोकं तेच ठेवून नुसता गेमचा सर्किट बोर्ड बदलला की नवा गेम. खोकं आणि गेम वेगळे झाले ते खरं इथे, आणि भारतातल्या पार्लरना हे फारच सोयीचं पडलं कारण बोर्ड बाहेरून यायचा आणि खोकं इथला सुतार करू शकायचा. या प्रमाणात प्रत्येक खेळाडूला सर्वसाधारणपणे तीनच बटणं धरलेली आहेत, म्हणून १९९१ चा सहा बटणांचा 'स्ट्रीट फायटर २' आला तेव्हा खालच्या तीन किकच्या बटणांसाठी वेगळी वायरिंग ओढावी लागली.

घरगुती छंदाची सुरुवात कधीपासून धरायची यावरही एकमत नाही. काही जण जुनी मशीन विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यांपासून धरतात, पण निकोला साल्मोरियाने ५ फेब्रुवारी १९९७ ला 'मेम' या एम्युलेटरची (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) पहिली आवृत्ती काढली तिथून धरणं जास्त पटतं, कारण त्यानंतर मूळ बोर्ड नसतानाही साध्या कॉम्प्युटरवर हे गेम चालायला लागले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटर हाताच्या पंजाएवढा झाला, बारटॉपची खरी लाट त्यानंतरची. आता रेट्रोपाय, रिकॅलबॉक्स, बाटोसेरा या एम्युलेटर भरलेल्या तयार सिस्टिमपैकी काहीतरी मेमरी कार्डवर टाकतात आणि झालं, तो भाग शाळकरी मुलंही करतात.

पुण्यातले पार्लर

साधारण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दोन हजारच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत पार्लर चालले, पेठांत, कॅम्पात, डेक्कनच्या बाजूला आणि उपनगरांत छोट्या गाळ्यांमध्ये. तिथे खेळलेल्या लोकांच्या आठवणीतला राजा एकच, 'मुस्तफा', म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', त्यातल्या एका पात्राच्या नावावरून अख्ख्या गेमला तेच नाव पडलं आणि मूळ नाव आजही अनेकांना ठाऊक नाही. त्याच्या खालोखाल 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'मेटल स्लग'. घरी मशीन बनवायला घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की मुस्तफा चालतो का.

खोकं

लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, बिजागऱ्या-स्क्रू-हँडलसाठी बोहरी आळी. आठ बाय चारच्या शीटमधून बारटॉप आरामात निघतो आणि त्याला १२ मिलिमीटर पुरतं, उभ्या कॅबिनेटला मात्र १८ मिलिमीटर घ्यावं आणि दोन शीट तरी धराव्यात. एमडीएफ स्वस्त आणि कापायला गुळगुळीत, पण कडेने पाणी पितं आणि पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवलेलं कॅबिनेट खालून फुगायला लागतं, म्हणून बुडाला तरी प्लाय किंवा एचडीएचएमआर (ओल जास्त सोसणारी दाट फळी) वापरावं आणि कापलेल्या सगळ्या कडा सीलर मारून बंद कराव्यात. बाजूच्या फळीचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढून जमिनीवर ठेवून बघावा, कंट्रोल पॅनेल (जॉयस्टिक आणि बटणं बसवलेली फळी) उभ्या माणसाच्या कोपराच्या जरा खाली, म्हणजे जमिनीपासून ३६ ते ४० इंचांच्या दरम्यान येतं का आणि स्क्रीन थोडी मागे कललेली बसते का हे त्यावरच कळतं. जुन्या सोसायटीत लिफ्ट लहान असते किंवा नसतेच, तिथे कॅबिनेट वरचा आणि खालचा असे दोन भाग बोल्टने जोडता येतील असं करावं. सुतार लावणार असाल तर गणपतीच्या आधीचा महिना सोडून द्या, मंडळांच्या सजावटीचं काम असतं, कोणी वेळ देत नाही.

कंट्रोल पॅनेल

सगळी मेहनत इथे घालावी असं या नोंदीचं स्पष्ट मत आहे. रंग, स्टिकर, वरची दिव्याने उजळणारी नावाची पाटी नंतर कधीही बदलता येते, पण हाताला लागणारी गोष्ट चुकली तर खेळच वेगळा होतो.

आधी कुठले गेम खेळायचेत ते ठरवावं. मुस्तफाला माणशी दोनच बटणं लागतात, किंग ऑफ फायटर्सला चार, स्ट्रीट फायटरला सहा. १९८० च्या पॅक-मॅनला बटण लागतच नाही पण त्याची जॉयस्टिक चार दिशांची आहे, आणि इथेच बरेच जण फसतात. बाजारात मिळणारी बहुतेक जॉयस्टिक आठ दिशांची असते, त्यावर पॅक-मॅन खेळताना वळणावर हात जरा तिरका गेला की वर आणि उजवीकडे असे दोन्ही स्विच एकदम दाबले जातात, मूळ गेमला तिरकी दिशा माहीतच नाही, मग पॅक-मॅन वळायच्या ऐवजी सरळ निघून जातो आणि भूत गाठतं. उपाय जॉयस्टिकच्या बुडाशी आहे, दांड्याला अडवणारी प्लॅस्टिकची चकती असते तिला गेट म्हणतात, सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकमध्ये ती काढून फिरवून बसवली की स्टिक चार दिशांची होते. चौकोनी गेटला मारामारीच्या गेममध्ये कोपरे नेमके सापडतात, अष्टकोनी गेट हाताला गोल फिरवायला बरा, आवडीचा प्रश्न आहे.

भोकांचं माप हा दुसरा मुद्दा. जपानी पद्धतीच्या बटणाला ३० मिलिमीटर, स्टार्ट आणि कॉईनच्या छोट्या बटणाला २४, आणि अमेरिकन पद्धतीच्या बटणाला साधारण २८, म्हणून बटणं हातात आल्याशिवाय भोकं पाडू नयेत. आणखी एक, चाप देऊन बसणारं बटण पातळ पत्र्यासाठी किंवा ॲक्रिलिकसाठी केलेलं असतं, १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये त्याचा चाप धरतच नाही, तिथे मागून नट आवळायचं बटण घ्यावं. तेच जॉयस्टिकचं, जाड फळीखाली लावली तर दांडा वर जेमतेम येतो, म्हणून त्या जागी मागून राउटरने (लाकूड कोरायचं मशीन) फळी कोरून पातळ करतात नाहीतर सरळ पत्र्याचं पॅनेल करून घेतात, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेलं पत्र्याचं पॅनेल मजबूत होतं आणि त्यावर मनगट ठेवून तासभर खेळलं तरी डगमगत नाही.

बटणाच्या दोन वायरींपैकी एक सगळ्यांची मिळून कॉमन ग्राउंड, एका लगमधून (वायरच्या टोकाला दाबून बसवायची पत्र्याची टोपी) दुसऱ्या लगमध्ये माळेसारखी जाते, आणि दुसरी एन्कोडरच्या, म्हणजे दाबलेलं बटण कॉम्प्युटरला कळवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, आपापल्या पिनवर. सान्वाच्या बटणाला २.८ मिलिमीटरचा लग लागतो आणि अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचला ४.८ चा, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन्ही मिळतात, क्रिंपिंगची पक्कड सुद्धा तिथेच. पूर्वी एन्कोडर महाग पडायचा म्हणून जुना कीबोर्ड फोडून त्याचा छोटा बोर्ड वापरायचे, चालतं, पण कीबोर्डच्या कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडलेल्या असतात त्यामुळे काही तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदवलीच जात नाही किंवा न दाबलेली उमटते, आणि दोघं जण मिळून मुस्तफा खेळताना तर सतत तेवढं दाबलेलं असतंच. आता यूएसबी एन्कोडर स्वस्तात मिळतात तेव्हा त्या वाटेला जायची गरज नाही.

चित्र

जुने गेम ४:३ आकाराच्या, जुन्या टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबसाठी काढलेले आहेत. स्ट्रीट फायटर २ चं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, ते ४:३ मध्ये बसवलं तरच माणसं नीट दिसतात, रुंद टीव्हीवर ताणलं की सगळे पैलवान आडवे सुटतात. पॅक-मॅन उभ्या स्क्रीनचा आहे, २२४ बाय २८८. म्हणून जाणकार जुना चौकोनी एलसीडी शोधतात, ऑफिसातून निघालेले १९ इंची मॉनिटर ५:४ चे असतात, वरखाली बारीक काळी पट्टी राहते पण ते चालून जातं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे मॉनिटर दिसतात, चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नयेत.

जुनी ट्यूब वापरावी की नाही यावर छंदिष्टांत कायमचं भांडण आहे. चित्राचा गोडवा आणि विलंब नसणं या दोन्हीत ट्यूब सरस, हे मान्य करायलाच हवं. पण आर्केडची ट्यूब साधारण १५ किलोहर्ट्झवर (सेकंदाला सुमारे १५ हजार ओळी) चालते आणि कॉम्प्युटरची व्हीजीए जोडणी ३१ वर, त्यामुळे थेट जोडून भागत नाही, शिवाय ट्यूबच्या ॲनोडला २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो काही काळ राहतो. टीव्ही दुरुस्तीचा हात बसलेला माणूस सोबत नसेल तर मागचं झाकण उघडू नये, यात तडजोड नको. एलसीडीवर मात्र एक लक्षात ठेवावं, सगळे गेम सेकंदाला ६० फ्रेमचे नाहीत, 'मॉर्टल कॉम्बॅट' ५४.७ वर चालतो, ६० च्या स्क्रीनवर तो एकतर अडखळतो किंवा पळवला तर आवाजासकट वेगात जातो. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, टीव्हीवर चित्र सुधारायच्या सोयी चालू असतील तर असे कित्येक फ्रेम उशीर होतो, म्हणून गेम मोड लावावा.

वीज

रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडाप्टर लागतो, मोबाइलचा कमी ताकदीचा चार्जर लावला की पडद्यावर विजेची खूण येते आणि गेम मंदावतो. चालू मशीनची वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, त्यामुळे नीट बंद करायचं बटण ठेवावं आणि कार्डाची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. अर्थिंगची वायर पत्र्याच्या पॅनेलला जोडलीच पाहिजे.

कायदा आणि नाणी

एम्युलेटर स्वतः बेकायदा नाही, मेम तर २०१६ पासून मुक्त परवान्याखाली आहे. गेमच्या फाइलवर मात्र कंपनीचा हक्क असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत असलेल्याला कॉम्प्युटर प्रोग्रामची सुरक्षित प्रत ठेवायची मुभा देतं, फुकट उतरवून घेतलेल्या हजार गेमना ती लागू होते असं म्हणणं ओढूनताणून होईल. हजारो गेम भरून मिळणारे तयार चिनी बोर्डही याच कारणाने शंकास्पद. 'ग्रिडली', 'रॉबी रोटो' अशा थोड्या गेमना हक्कदारांनी बिगर-व्यापारी वापराची परवानगी दिलेली आहे, सुरुवात त्यांनी करता येते.

नाणं टाकायची सोय हौसेने बसवतात, १२ व्होल्टवर चालणारा कॉईन ॲक्सेप्टर येतो, त्याला नमुन्याची नाणी टाकून शिकवावं लागतं. भारतीय नाण्यांत अडचण अशी की जुनं स्टीलचं १ रुपयाचं नाणं आणि २०११ च्या मालिकेतलं २ रुपयांचं नाणं दोन्ही २५ मिलिमीटरची, वजनही ४.८५ ग्रॅमच, मशीनला फरक करता येत नाही. म्हणून बहुतेक जण पितळी टोकन वापरतात किंवा पॅनेलखाली कॉईनचं एक लपवलेलं बटण देतात.