मंदिरशुद्धी व मंदिराचार, यहुदी

यरुशलेम येथील प्राचीन यहुदी मंदिरात कोणी, कोणत्या स्थितीत व कुठवर जावे आणि आत कसे वागावे, यासंबंधीच्या नियमांचा समुच्चय. पहिले मंदिर बॅबिलोनियनांनी इ. स. पू. ५८६ मध्ये (काहींच्या मते ५८७) उद्ध्वस्त केले. दुसरे इ. स. पू. ५१५ च्या सुमारास पुरे झाले. हेरोद राजाने इ. स. पू. २० च्या आसपास त्याच्या विस्ताराला हात घातला आणि इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते जाळले. नियमांचा जो तपशील हाती आहे तो मुख्यतः या अखेरच्या टप्प्याचा. पहिल्या मंदिरातील व्यवहाराचा अंदाज बायबलमधील विधिसंहितेवरूनच बांधावा लागतो.

मूळ आधार बायबलमधील ‘लेवीय’ (अध्याय ११–१५) आणि ‘गणना’ (अध्याय १९) हे ग्रंथ होत. प्रेत, मेलेले काही प्राणी, मासिक पाळी, बाळंतपण, वीर्यस्राव, गुप्तेंद्रियांचे अनैसर्गिक स्राव आणि ‘त्साराअत’ हा त्वचाविकार (भाषांतरांत ‘महारोग’, आजच्या वैद्यकातील कुष्ठरोगाशी तो जुळत नाही) ही विटाळाची प्रमुख कारणे. वीर्यस्रावाचा विटाळ स्नानानंतर सूर्यास्ताला फिटे. प्रेताचा सात दिवस राही. मुलगा झाल्यास बाळंतिणीला ७ अधिक ३३ आणि मुलगी झाल्यास १४ अधिक ६६ दिवस मंदिर वर्ज्य असे. यांतील बहुतेक प्रसंग टाळता येण्यासारखे नव्हते, काही तर कर्तव्यच होते: आईबापांना मूठमाती देणाऱ्या मुलाला विटाळ होणारच. म्हणून विटाळ होणे हे पाप मानलेले नाही. तो अंगावर असताना मंदिरात पाऊल टाकणे किंवा बलिदानाच्या पवित्र अन्नाला हात लावणे हा मात्र गंभीर अपराध होता. हा भेद सुटला की सारी व्यवस्था पापपुण्याचे कोष्टक वाटू लागते, आणि अनेक लोकप्रिय वर्णनांत नेमके तेच झाले आहे.

नियमांच्या उगमाबद्दल एकमत नाही. ही संहिता बॅबिलोनमधील निर्वासनानंतर सिद्ध झाली, असे युलिउस वेलहाउझेन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. येहेज्केल काउफमान यांनी ती निर्वासनापूर्वीची ठरविली. संहितेचे लेखन केव्हाचेही असले तरी आचार त्याहून जुना असणे संभवनीय आहे, कारण प्राचीन अनातोलियातील हित्ती मंदिरसेवकांसाठीच्या सूचनांतही स्त्रीसंगानंतर स्नान केल्याविना देवकार्याला न शिवण्याची कडक ताकीद आढळते. अर्थाविषयी मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये ‘वर्गीकरणात न बसणारे ते अशुद्ध’ असा सिद्धांत मांडला. तो आहारातील निषिद्ध प्राण्यांना बराचसा लागू पडतो, शरीराच्या विटाळांना तितकासा नाही. प्रेत, रक्त, वीर्य व झडणारी त्वचा यांत जीवनशक्तीचा ऱ्हास, म्हणजे मृत्यूची छाया, पाहणारी जेकब मिलग्रोम यांची उपपत्ती यादीतील अधिक बाबींचा उलगडा करते.

मिश्ना या यहुदी मौखिक नियमांच्या संग्रहामध्ये (इ. स. २०० च्या सुमारास संकलित) पावित्र्याच्या चढत्या पायऱ्या दिल्या आहेत. मंदिराच्या टेकडीवर रजस्वला, बाळंतीण व स्रावरोगी यांना मज्जाव. त्यापुढच्या ‘हेल’ या पट्ट्यात परकीय (यहुदी नसलेले) व प्रेताचा विटाळ असलेले यांना. स्त्रियांच्या अंगणात, स्नान झाले पण सूर्यास्त व्हायचा आहे असा माणूसही जाऊ शकत नसे. त्यानंतर इस्राएलांचे अंगण, याजकांचे अंगण, मंदिराची वास्तू आणि परमपवित्रस्थान. या शेवटच्या स्थानी केवळ मुख्य याजक, तोही वर्षातून एकदा, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी जाई. त्या दिवशी तो पाच वेळा पूर्ण स्नान करी व दहा वेळा हातपाय धुई. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस हा स्वतः याजककुळातला व मंदिर पाहिलेला. त्याने दिलेली अंगणांची उतरंड ढोबळमानाने अशीच आहे. जिथे दोघांत फरक पडतो तिथे जोसीफसकडे झुकणे सयुक्तिक, कारण मिश्ना मंदिर पडल्यानंतर सव्वाशे वर्षांनी संकलित झाली.

परकीयांना अडविणाऱ्या कठड्यावरील ग्रीक शिलालेख शार्ल क्लेरमाँ-गानो यांना १८७१ मध्ये सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कठड्याच्या आत सापडेल तो आपल्या मृत्यूला स्वतःच जबाबदार राहील, असा त्याचा आशय. हा मृत्यू न्यायालयीन शिक्षेने की जमावाच्या हातून, हे शिलालेखात स्पष्ट नाही. पौल या ख्रिस्ती प्रचारकावर परकीयाला आत आणल्याचा आळ येताच लोक त्याच्यावर धावून गेले, हा बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’मधील (अध्याय २१) प्रसंग दुसऱ्या अर्थाला पुष्टी देतो.

प्रेताचा विटाळ घालविण्यास स्नान पुरत नसे. त्यासाठी निर्दोष, जू न ठेवलेली तांबडी कालवड गंधसरू, एजोब (एक सुगंधी वनस्पती) व किरमिजी सूत यांसह जाळून तिची राख झऱ्याच्या पाण्यात कालवत आणि ते पाणी तिसऱ्या व सातव्या दिवशी शिंपडत. जैतुनांच्या डोंगरावर हा विधी होई. निर्वासनानंतरचा धर्मशास्त्री एझ्रा याच्यापासून अशा सातच कालवडी जाळल्या गेल्या, असे मिश्नातील बहुमत. रब्बी (धर्माचार्य) मेईर पाच सांगतो. कालवड जाळणाऱ्या याजकाच्या शुद्धीवरून मोठा वाद होता. सदूकी या याजकवर्गाशी जवळीक असलेल्या पंथाच्या मते त्याने स्नानानंतर सूर्यास्तापर्यंत थांबायला हवे. परूशी या प्रतिस्पर्धी पंथाच्या परंपरेला हे मान्य नव्हते, आणि आपले मत ठसविण्यासाठी वडीलधारे त्या याजकाला मुद्दाम विटाळवीत, मग जागच्या जागी स्नान करायला लावीत व लगेच कामाला लावीत. सूर्यास्ताची वाट पाहून आलेल्या एका सदूकी मुख्य याजकाचा कान परूशी परंपरेतील आचार्य योहानान बेन झक्काईने फाडला व त्याला सेवेस अपात्र केले, अशी कथा तोसेफ्ता या मिश्नाच्या पूरक संग्रहात आहे. ती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही, पण वाद खरा होता: मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहेतील, १९९४ मध्ये प्रकाशित झालेल्या एका पत्रात सूर्यास्ताचाच आग्रह धरलेला आहे. कुमरानचीच ‘मंदिर-गुंडाळी’ याहून कडक असून ती स्त्रीसंगानंतर तीन दिवस संपूर्ण मंदिरनगरीत येणेच निषिद्ध ठरविते.

वागणुकीचे नियम मिश्नात विखुरलेले आहेत. टेकडीवर काठी, पायताण किंवा पैशांचा कसा घेऊन, अथवा धुळीच्या पायांनी जाऊ नये, जवळची वाट म्हणून मंदिरातून जाऊ नये, थुंकू नये. येणारे उजवीकडून शिरत, फेरी घेत व डावीकडून बाहेर पडत. शोकात असलेला तेवढा उलट दिशेने चाले. समोरून येणारे त्याला कारण विचारीत आणि ‘या घरात वसणारा तुझे सांत्वन करो’ असे म्हणत. वाळीत टाकलेल्यालाही असेच चालावे लागे, व त्यालाही आशीर्वादच मिळे. याजक अनवाणी सेवा करीत. सेवेपूर्वी मद्य वर्ज्य होते. रात्री पहाऱ्याचा अधिकारी मशाली घेऊन फिरे. पहारेकरी झोपलेला आढळल्यास त्याला काठीने मारी, आणि त्याचे कपडे जाळण्याचीही त्याला मुभा होती.

उत्खननांनी या नियमांच्या प्रसाराचा पुरावा दिला आहे. मंदिराच्या दक्षिण भिंतीजवळ १९६८ पासून बेंजामिन मझार यांनी केलेल्या उत्खननात पायऱ्यांची स्नानकुंडे (‘मिक्वे’) मिळाली. इतरत्रही काही कुंडांच्या पायऱ्या मधल्या बुटक्या कठड्याने दुभागलेल्या आहेत. विटाळात उतरणारा व शुद्ध होऊन वर येणारा यांची वाट वेगळी राहावी हा त्याचा हेतू असावा. चुनखडीच्या दगडाची भांडीही विपुल मिळतात. विटाळलेले मातीचे भांडे फोडावेच लागे. दगडाला विटाळ होत नाही असे मानत.

मंदिरानंतर यांतील बराच भाग व्यवहारातून गेला. रजस्वलेचे नियम व मिक्वे टिकले. याजकवंशीय (‘कोहेन’) आजही स्मशानात जाणे टाळतात. कोकणातील बेने इस्राएल समाजात कोहेन कुळे परंपरेने नाहीत; मंदिरनाशाच्या स्मरणार्थ आब महिन्याच्या नवव्या दिवशी धरायचा उपवास मात्र तेथे वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जातो. कालवडीची राख नसल्याने आज प्रत्येकालाच प्रेताचा विटाळ आहे असे धरून इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने १९६७ नंतर मंदिराच्या टेकडीवर जाण्यास मनाई केली. काही रब्बींना ही मनाई मान्य नाही. टेकडीच्या ज्या भागावर प्राचीन अंगणे नव्हती तेथे मिक्वेस्नान करून जाता येते, असे त्यांचे मत आहे.