ओपन सोर्स वेबसाईट म्हणजे हॅक होणारच, हे कुणी सांगितलं?

नांदेड-परभणीकडं कॉलेजांत न् वाचनालयांत एक गोष्ट कैक वर्षांपासून फिरायली, की वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही वेबसाईट बनवायची सॉफ्टवेअरं ओपन सोर्स, म्हणजे फुकटची न् कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून ग्रंथालयाची वेबसाईट त्यात केली की हॅक झालीच समजा. तसं नाहीये हो. कोड चोराला दिसतो तसा दुरुस्त करणाऱ्यालाही दिसतो, आणि खोट सापडली की अपडेट येतं, वर्डप्रेस तर 2013 पासून छोटे सुरक्षा अपडेट स्वतःच टाकून घेतं. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपलमधली मोठी खोट जाहीर झाली तेव्हा दुरुस्ती सोबतच दिली होती, तरी 7 तासांत ज्यांनी ती टाकली नाही त्यांनी साईट गेली असंच धरून चाला, असं ड्रुपलवाल्यांनीच नंतर सांगितलं.

7 तास! आपल्याकडं काय, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, टायमाला एखाद्या पोराकडून साईट करून घ्यायची, पेड थीम (साईटचं विकतचं तयार डिझाईन) कुठूनतरी फुकट उतरवलेली, युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड कॉलेजचं नाव न् पुढं 123, मग पुढच्या नॅकपर्यंत कुणी लॉगिनसुद्धा करत नाही. अन् साईट हॅक होऊन पानावर औषधांच्या जाहिराती दिसायल्या की दोष ओपन सोर्सला.

बाकी फुकट फक्त लायसन्स, डोमेन (साईटचा पत्ता) न् होस्टिंगचे (साईट ठेवायच्या जागेचे) पैसे दरवर्षी लागतातच. आणि पुस्तकांची देवघेव वर्डप्रेसवर करत बसू नका, त्याला कोहा हे सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयांसाठी बनलेलं, तेही ओपन सोर्सच. वेबसाईटवर त्याच्या कॅटलॉगची लिंक दिली की झालं.