सात टक्के कशाचे?

२०१५ च्या फेब्रुवारीत गुजरातेत स्वाइन फ्लूची इतकी धास्ती होती की अहमदाबादेत गर्दी जमवायला १४४ कलमाखाली बंदी घातली गेली. त्या वर्षी देशभरात एच१एन१चे, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूचे, ४२,५९२ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले २,९९० दगावले. भागाकार केला तर ७ टक्के येतात.

हाच विषाणू २००९ मध्ये नवा म्हणून जगभर पसरला आणि पुढे मुक्कामालाच राहिला. उत्तरायण उलटल्यावर बडोद्यात घरोघरी जो ताप, खोकला आणि अंगदुखी सुरू होते, त्यात त्याचा वाटा बहुतेक वर्षी असतो. आज आपण त्याला हंगामी फ्लू म्हणतो. तो खरोखर शंभरांतल्या सातांना मारत असता तर मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत दर उन्हाळ्याआधी घराघरांत सुतक असतं. तसं होत नाही, तरीही २०१५ चा आकडा खोटा नव्हता. ते सात टक्के कशाचे, एवढं मात्र त्या बातम्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

जुलै २०२४ मध्ये मुलांना मेंदूज्वर देणारा चांदीपुरा विषाणू आला आणि जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूच्या बातम्यांचा धुरळा उडाला. दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच होता: हा फ्लूपेक्षा किती घातक? (एचएमपीव्ही नवा नाहीच. तो २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून मुलांना सर्दी-खोकला देत होता.) उत्तरादाखल दोन मृत्युदर शेजारी शेजारी छापले जातात, पण ते एका मापाचे नसतात. नव्या विषाणूचा दर मोजलेल्या रुग्णांवरून काढलेला असतो आणि फ्लूचा दर अंदाजलेल्या रुग्णांवरून. एका दुकानात भाव किलोचा आणि दुसऱ्यात डझनाचा, आणि आपण विचारतो स्वस्त कोण.

मृत्युदर हा शाळेतला साधा अपूर्णांक. वर अंश, म्हणजे मेलेले. खाली छेद, म्हणजे आजारी पडलेले. सगळी गंमत छेदात आहे.

एच१एन१साठी आपल्याकडे रुग्णांचे तीन गट करतात. सौम्य ताप, घसादुखी, खोकला असेल तर ए गट: घरी विश्रांती, तपासणी नाही. ताप जास्त असेल किंवा रुग्ण गरोदर, वयस्क, मधुमेही, दमेकरी असा जोखमीतला असेल तर बी गट: गरजेप्रमाणे ऑसेलटामिव्हिर हे फ्लूचं औषध, पण तपासणी इथेही नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, ओठ-नखं निळी पडणं यांपैकी काही असेल तर सी गट: ताबडतोब भरती, औषध आणि तपासणी. म्हणजे प्रयोगशाळेत पोहोचतो तो मुख्यतः सी गटच. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण प्रत्येक तापकऱ्याचा स्वॅब घेत बसलं तर खऱ्या अत्यवस्थ रुग्णाचा अहवाल उशिरा येईल. पण त्याच नियमामुळे छेदात फक्त अत्यवस्थ माणसं उरतात.

समजा, शहराच्या एका भागात १०,००० जणांना लागण झाली. हे आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत. ३,००० जणांना काहीच जाणवलं नाही. ६,००० जणांनी पॅरासिटॅमॉल आणि सुंठीच्या काढ्यावर निभावलं. ९०० जण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले, म्हणजे ए आणि बी गट. १०० जण भरती झाले आणि त्यांची तपासणी झाली. तिनं ८० जणांत विषाणू पकडला, २० जणांत तो निसटला. पॉझिटिव्हांपैकी ५ जण गेले. सरकारी तक्त्यात ८० पैकी ५, म्हणजे सव्वासहा टक्के. प्रत्यक्षात १०,००० पैकी ५, म्हणजे ०.०५ टक्के. मृत्यू तेच पाच, विषाणू तोच, आणि दोन उत्तरांत १२५ पटींचा फरक.

ते २० जण का निसटले? स्वॅब अनेकदा नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढला जातो. तो नाकाच्या तळाला समांतर आत, नाकपुडी ते कान या अंतराच्या साधारण निम्म्यापर्यंत जायला हवा आणि तिथे काही सेकंद टेकायला हवा. लाकडी काडीचा कापसाचा बोळा वापरला तर त्यातले घटक पीसीआरची, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या चाचणीची, रासायनिक क्रियाच रोखू शकतात. म्हणून काडी प्लास्टिकची आणि टोक नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं लागतं. नमुना द्रव माध्यमात बुडवून २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. वैशाखात थर्मासातला बर्फ वितळला की विषाणूचं आरएनए, म्हणजे चाचणी शोधते ते त्याचं जनुकीय द्रव्य, तुटायला लागतं. आणि सर्वांत मोठं कारण उशीर. आठवड्यानंतर नाकातला विषाणू ओसरलेला असतो आणि न्यूमोनिया मात्र खाली फुफ्फुसात चाललेला असतो, त्यामुळे घशाचा नमुना निगेटिव्ह येतो.

वरच्या हिशेबात धरलं नाही, पण निसटलेल्या विसांपैकीही कुणी मरतंच, आणि ते अंशात येत नाही. मधुमेही आजोबा फ्लूनंतर तिसऱ्या आठवड्यात हृदयविकारानं गेले तर दाखल्यावर हृदयविकारच लिहिला जातो. २००९-१० च्या साथीत प्रयोगशाळेतून पक्के झालेले १८,४४९ मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदले गेले होते. नंतरच्या अभ्यासांनी पहिल्या वर्षातला अंदाज दीड ते पावणेसहा लाखांचा काढला. म्हणजे अंशही गळतो आणि छेदही, पण दोन्ही सारखे गळत नाहीत. अपूर्णांक मोठा दिसतो, कारण छेद फार जास्त गळतो.

मग खरा छेद आणायचा कुठून? एक वाट रक्ताची. विषाणू येऊन गेल्यावर रक्तात अँटीबॉडी राहते, आजार जाणवला असो वा नसो. यादृच्छिक पद्धतीनं घरं निवडून रक्त तपासलं की किती जणांना लागण झाली होती ते कळतं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मे-जून २०२० मध्ये असं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण केलं, तेव्हा कोविडच्या नोंदलेल्या एका रुग्णामागे लागण झालेले ८२ ते १३० जण निघाले. दुसरी वाट बंदिस्त जागेची. २०२० मध्ये कोविड पसरलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर ३,७११ माणसं होती आणि जवळपास सगळ्यांची तपासणी झाली. ७१२ पॉझिटिव्ह निघाले. तपासणीच्या वेळी त्यांतल्या सुमारे निम्म्यांना लक्षणंच नव्हती. प्रवाशांत वयस्कांचा भरणा मोठा असल्यानं तिथला मृत्युदर तसाच्या तसा शहराला लावता येत नाही, पण छेद मात्र पक्का मिळाला.

आता उलट दिशेची चूक. छेद गळल्यानं दर फुगतो, तर वेळेमुळे तो आकसतो. समजा, रुग्ण दर पाच दिवसांनी दुप्पट होताहेत आणि मरणारा माणूस आजारी पडल्यापासून साधारण १५ दिवसांनी मरतो. आज एकूण रुग्ण ८०० आणि मृत्यू ८. पेपर लिहील, १ टक्का. पण आजवर मेलेले लोक १५ दिवसांपूर्वीपर्यंतच्या रुग्णांतले आहेत. १५ दिवसांत तीन दुपटी, म्हणजे तेव्हा रुग्ण होते ८०० भागिले ८, अर्थात १००. शंभरांतले आठ, ८ टक्के! २००३ च्या सार्समध्ये, म्हणजे फुफ्फुसांच्या त्या नव्या आजाराच्या साथीत, हेच झालं. सुरुवातीला दर ४ टक्क्यांच्या आसपास वाटला. साथ संपल्यावर ८,०९६ रुग्णांत ७७४ मृत्यू, ९.६ टक्के. विषाणू मध्येच जास्त क्रूर झाला नव्हता, आधी आजारी पडलेल्यांचा निकाल लागायचा बाकी होता.

यावर काही जण फक्त निकाल लागलेले रुग्ण घेतात, म्हणजे मृत्यू भागिले मृत्यू अधिक बरे झालेले. त्यातही मेख आहे. बऱ्या होणाऱ्याला घरी सोडायला दोन निगेटिव्ह अहवाल लागत असतील तर तो तीन आठवडे 'उपचाराधीन' राहतो आणि मरणारा त्याआधीच मोजला जातो. दर पुन्हा फुगतो. म्हणून साथीच्या पहिल्या महिन्यात कुणी दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत मृत्युदर सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

इतकं करून दर नीट मिळाला तरी धोका ठरत नाही. एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, हा दुसरा आकडा. हंगामी फ्लूत तो १.३ च्या आसपास असतो. एकाकडून पुढच्यांना लागण झाली की एक पिढी; अशा दहा पिढ्यांनंतर, म्हणजे साधारण महिन्याभरात, एकाचे १४ होतात. कोविडच्या मूळ प्रकारात तो अडीच धरला तर दहा पिढ्यांत एकाचे साडेनऊ हजार. वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूत तो एकच्या खाली असतो. ०.४ धरला तर वटवाघळांकडून लागण झालेल्या १०० जणांमागे एकूण १६७ जण आजारी पडून साखळी तुटते. निपाहचा मृत्युदर ४० ते ७५ टक्के, तरी त्यानं कधी देश व्यापला नाही. फ्लूचा दर नगण्य, तरी तो जगात दर वर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं नेतो. "फ्लूच तर आहे" म्हणणाऱ्यांनी १९१८ ची मानमोडी आठवावी. तीही इन्फ्लुएन्झाच होती. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाचे धडधाकट लोक फार होते.

धोका कुणाला, हाही प्रश्न उरतो, आणि गुजरातेत राहणाऱ्याला त्याचं उत्तर चांदीपुरात नीट दिसतं. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरात सापडला, म्हणून ते नाव. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत त्यानं मुलं नेली होती. २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. ८२ ला २४५ नं भागून आलेले ३३ टक्के चांदीपुराच्या नावावर खपवले गेले. पण त्या २४५ पैकी चांदीपुरा पक्का झाला तो ६४ जणांत, त्यांतले ६१ गुजरातचे. बाकीच्यांना काय होतं, ते त्या भागाकारात येत नाही.

तो माणसाकडून माणसाला होत नाही. शाळेत शेजारच्या बाकावर बसून लागत नाही, सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी चावून लागतो. ती जेमतेम २-३ मिलिमीटरची असते, गुणगुणत नाही, उंच उडत नाही, लहान लहान उड्या मारत पुढे जाते आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत शिरते. अंडी घालते मातीच्या भिंतींच्या ओलसर भेगांत आणि गोठ्यात. त्यामुळे बडोद्याच्या अलकापुरीतल्या फ्लॅटमधल्या पन्नाशीच्या माणसाला जुलैत चांदीपुराची धास्ती घ्यायचं काही कारण नाही. त्याचा मधुमेह आणि जानेवारीतला फ्लू यांची मात्र घ्यावी. दर वर्षीची लस हंगामाच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी, आणि जोखमीत असेल तर ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावं, कारण ऑसेलटामिव्हिर तेव्हाच नीट उपयोगी पडतं. गळ्यात अडकवलेली कापूर-वेलचीची पुरचुंडी यातलं काहीच करत नाही. वास छान येतो, विषाणू तसाच राहतो.

मातीच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलाचा हिशेब पूर्ण उलटा आहे. पावसाळ्यात एकाएकी चढलेला ताप, उलट्या आणि आकडी आली तर २४ ते ४८ तासांत मूल हातचं जाऊ शकतं. चांदीपुरावर खास औषध नाही, पण आकडी थांबवणं, साखर आणि पाणी सांभाळणं, मेंदूवरची सूज उतरवणं आणि श्वासाला आधार देणं यांनी मुलं वाचतात. आकडी म्हणजे बाधा समजून भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, घालवलेला प्रत्येक तास त्या ४८ मधून वजा होतो. पहिल्या आकडीनंतर मुलाला एका कुशीवर वळवावं, तोंडात पाणी, चमचा, कांदा काहीही घालू नये आणि थेट बालरोग विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. घराच्या भेगा पावसाळ्याआधी, मे महिन्यातच बुजवाव्यात. जुलैत भिंती ओल्या झाल्यावर लिंपण धरत नाही, आणि वाळूमाशी तोवर आत शिरलेली असते.